किल्लारीच्या भूकंपानंतरची घरदुरुस्ती : एका हिवाळ्याची हकीगत

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादिकाबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती किंवा भरतकामाचे नमुने लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. पण गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या शेजारच्या नव्या सूनबाईंनी मला विचारले, "काकू, तुमच्या माहेरच्या घराला भिंतीभर सिमेंटचा पट्टा का हो मारलाय? कुणी कमरेला करदोटा बांधावा तसा दिसतो!" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग ध्यानात आले की, सूनबाईंचा जन्म भूकंपानंतरचा. त्यांना हे कोणी सांगितलेलेच नाही. म्हणून त्या करदोट्याची हकीगत लिहिते. चूकभूल पदरात घ्यावी.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यांत धरणी हादरली. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. माणसे दमून गाढ झोपलेली होती. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, होळी, पेठसांगवी, राजेगाव ही नावे तोवर तालुक्याबाहेर कोणास ठाऊक नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सगळ्या जगाला ठाऊक झाली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. बावन्न गावे इतकी मोडली की, ती जुन्या जागेवरून उठवून दुसरीकडे वसवावी लागली. भूकंप मोजणाऱ्या यंत्रावर त्याचा आकडा 6.2 ते 6.4 असा सांगतात. जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ होतात आणि तेथे इतकी माणसे जात नाहीत. मग आपल्याकडेच का गेली? याचे उत्तर जमिनीपेक्षा आपल्या भिंतींतच जास्त होते.

आमचे माहेर त्या बावन्न गावांतले नव्हे. किल्लारीपासून बऱ्याच अंतरावरचे. आमच्याकडे माणूस एकही गेला नाही, पण घरांना भेगा पडल्या. आमच्या सोप्याची उत्तरेकडची भिंत पोट काढून उभी राहिली आणि गोठ्याचा एक कोपरा ढासळून बैलाच्या दावणीत आला. मी तेव्हा सातवीत होते, वय बारा.

आमच्या मराठवाड्यातले जुने घर कसे असते ते शहरातल्या भगिनींना सांगायला हवे. बाहेरून किल्ल्यासारख्या दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या व फळ्या आणि त्यावर मातीचे जाड माळवद. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, आणि घर किती खणांचे यावरून घराची ऐपत ओळखतात. उजेडाला वर साणे ठेवलेले. अशा घरात वैशाखातही गार वाटते. आमच्या घराचे माळवदाचे सहा खण होते. दारातून आत शिरले की डाव्या हाताला गोठा आणि गोठ्याची भिंत हीच स्वयंपाकघराची भिंत. म्हशीने पाय आपटला तर चुलीपाशी बसलेल्या आईला कळे.

बाहेरून भक्कम दिसणारी ही भिंत आतून पोकळ असते, हे आम्हाला भूकंपानंतर कळले. ती एक भिंत नव्हेच, दोन भिंती पाठीला पाठ लावून उभ्या असतात. बाहेरचा पदर मोठ्या दगडांचा, आतला पदर मोठ्या दगडांचा, आणि मध्ये बारीक कपच्या व मातीची भर. दोन्ही पदरांना एकत्र बांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. हादरा बसला की मधली भर खाली सरकते, पदर दोन्ही अंगांना फुगतात आणि भिंत केळीच्या सालीसारखी सुटते. पावसाचे पाणी मुरून भिंतीला पोट येते तेही याच कारणाने. 11 डिसेंबर 1967 ला कोयनानगरला भूकंप झाला, तेव्हाही दगडमातीची घरे अशीच पडली होती. परंतु एका मुलखाचे दुःख दुसऱ्या मुलखाच्या गवंड्यापर्यंत पोचत नाही.

दुसरी गोष्ट माळवदाची. दर वर्षी पावसाच्या आधी गळती थांबवण्यासाठी वर नवी पांढरी माती टाकायची, जुनी कोणी काढायची नाही. आज्याने टाकली, बापाने टाकली, मुलाने टाकली. असे करता करता माती दोन दोन फूट चढते. पुढे मला हिशेब करायला लावला म्हणून सांगते. आमचा एक खण आठ फूट लांब, पाच फूट रुंद. दोन फूट माती म्हणजे ऐंशी घनफूट. एक घनफूट माती पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते. म्हणजे एका खणावर छत्तीस क्विंटल! ज्वारीची छत्तीस पोती डोक्यावर टांगून आम्ही खाली अंथरूण घालत होतो.

मात्र एक नवल पुष्कळ गावांत दिसले. ज्या घरांतले खांब-तुळया चांगल्या सांध्याच्या होत्या, तेथे दगडी भिंती बाहेर कोसळल्या आणि माळवद खांबांवर तसेच उभे राहिले. आतली माणसे वाचली. म्हणजे लाकडाने दगा दिला नव्हता, दगा दिला होता भिंतीने आणि ओझ्याने. पण त्या वेळी हे कोण ऐकतो? लोकांच्या मनात दगडाची अशी धास्ती बसली की, सागवानी खांब मातीमोल भावाने विकले गेले आणि माणसे पत्र्याच्या खोपटात राहू लागली. थंडीत पत्र्यावरून दव टपके, उन्हात अंगाची लाही होई. आम्हीही दोन हिवाळे अंगणात पत्रे टाकून काढले.

सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने 1994 साली पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. गावांचे तीन वर्ग पाडले. बावन्न गावे नव्या जागी वसवायची, बावीस गावे जागच्या जागी पुन्हा बांधायची आणि उरलेल्या दोन हजारांहून अधिक गावांत पडझड झालेली घरे दुरुस्त करून मजबूत करायची. ही तिसऱ्या वर्गाची घरे दोन लाखांच्या घरात होती. वर्तमानपत्रांत फोटो आले ते नव्या वसाहतींचे. दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही, आणि खरे सांगायचे तर तो बायकांचा इतिहास आहे.

तो कसा, ते सांगते. दुरुस्तीची मदत हप्त्याहप्त्याने मिळायची. काम एका टप्प्याला आले, अभियंत्याने पाहिले, की पुढचा हप्ता. पण योजना काय, काम कसे करायचे, हे गावात सांगणार कोण? पुरुष शेतात किंवा तालुक्याच्या कचेरीत. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना हाताशी धरले. प्रेमा गोपालन या बाई त्या कामाच्या पुढारी होत्या, त्या 2022 साली निवर्तल्या. गावातल्याच बायकांतून 'संवाद सहाय्यक' नेमल्या गेल्या. आमच्या गावचे महिला मंडळ तोवर नावापुरतेच होते, वर्षातून एकदा झेंड्याला नारळ फोडायचे. ते मंडळ घरे मोजू लागले, भिंतींच्या भेगा लिहून घेऊ लागले. आमची आई त्यात होती. तिला सही येत होती, लिहिणे बेताचेच. म्हणून तिच्या मागे वही घेऊन मी.

माझी शाळा सुटली ती याच काळात, म्हणून ओघाने सांगते. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा तीन मैलांवर, तिची इमारत मोडलेली, वर्ग पत्र्याखाली भरत. अण्णा म्हणाले, भिंत पडली तर पोरीला कोण आणणार? भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुले पुण्याला शिकायला नेली, ते पाहून मलाही वाटे की आपण त्यांत असतो तर! पण आमचे घर पडले नव्हते, फक्त वाकले होते. असो.

1995 च्या दिवाळीनंतर आमच्या घराचा नंबर लागला, आणि घरात भांडण सुरू झाले. अण्णांचे मत, आणि गावात निम्म्याहून अधिक पुरुषांचे तेच मत, की जुने घर आहे तसे सोडावे आणि मदतीच्या पैशात बाजूला विटा-सिमेंटची एक पक्की खोली काढावी. पुष्कळ गावांत पुष्कळांनी तसेच केले. आई म्हणाली, "अहो, एका खोलीत आपण सहा माणसं निजू. पण धान्य कुठं ठेवायचं? बैलं, म्हैस, कडबा कुठं न्यायचा? त्या खोलीत झोपायचं आणि दिवसभर पुन्हा याच भिंतीखाली वावरायचं, मग भूकंप काय रात्रीचाच येतो व्हय?" यावर अण्णांपाशी उत्तर नव्हते. ते चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पहार घेऊन स्वतःच माळवदावर चढले.

आईचे म्हणणे बरोबर होते, हे पुढे नव्या वसाहतींनी दाखवून दिले. तेथे जमिनीप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे मिळाली, रस्ते सरळ आणि रुंद. परंतु शेतकऱ्याचे घर म्हणजे निम्मा गोठा, याचा विचार आराखड्यात राहून गेला. लोकांना गोठे मागाहून आपापल्या खर्चाने उभे करावे लागले. शहरातल्या माणसाला वाटते माणूस घरात राहतो आणि जनावर गोठ्यात. आमच्याकडे दोघांचे घर एकच.

कामाला हिवाळाच का, हेही सांगते. पावसात माळवद उघडता येत नाही. उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि सिमेंटच्या कामाला आठ-दहा दिवस पाणी मारावे लागते. माघात ज्वारीची काढणी लागली की गडी मिळत नाही. म्हणजे दिवाळी ते संक्रांत एवढेच दिवस हाती. कार्तिकात सुरुवात केली ती माती उतरवण्यापासून. दोन फुटांची आठ इंचांवर आणायची होती. म्हणजे खणामागे छत्तीस क्विंटलची बारा. सहा खणांची मिळून एकशे चव्वेचाळीस क्विंटल माती आम्ही घरच्या माणसांनी आणि मंडळातल्या बायकांनी टोपल्यांनी उतरवली. मातीत काय काय निघाले! मडक्यांची खापरे, एक पितळी घुंगरू, निजामाच्या वेळचा एक पैसा. तो पैसा आजीने पदराला बांधला.

मग भिंतीला टाके घालणे. मी टाकेच म्हणते, कारण ते शिवणकामासारखेच आहे. दोन-दोन हातांवर खुणा करायच्या, खुणेचा दगड हलकेच सैल करून काढायचा, आतली भर काढून आरपार भोक पाडायचे. घण मारायचा नाही. मारला तर शेजारचे दगड हलतात, म्हणून पहारीच्या टोकाने उकरत जायचे. भोकात दोन्ही टोकांना आकडा केलेली 8 मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचे. ते वाळले की आतला पदर व बाहेरचा पदर एकमेकांना धरून राहतात. दाराच्या चौकटीच्या वरून भिंतीच्या आतून-बाहेरून तारेची जाळी फिरवून तिच्यावर सिमेंटचा पट्टा ओढायचा. हाच तो सूनबाईंचा करदोटा! हादरा आला तर चारी भिंती एकमेकींचा हात सोडत नाहीत. खांब आणि तुळईच्या कोनांत तिरपे टेकू. यातले काहीच अवघड शास्त्र नाही. भारतीय मानक ब्यूरोने दगडमातीची घरे मजबूत कशी करावीत याची नियमावली 1993 सालीच काढली होती. फक्त ती आमच्या गवंड्याला वाचता येत नव्हती.

गवंडी आमचा चांगला होता, पण त्याचा हात जुन्या वळणाचा. पहिल्या दिवशी म्हणाला, "वैनी, भिंतीला भोकं पाडून भिंत बळकट होती हे मी पहिल्यांदाच ऐकलं." आई म्हणाली, "भाऊ, कापडाला सुई टोचल्याशिवाय शिवण बसते का?" तो हसला आणि कामाला लागला. तरी दोन टाक्यांत त्याने सळई न घालताच भोक बुजवले. मी वहीत टाक्यांना नंबर दिले होते आणि सळया मोजून ठेवल्या होत्या. संध्याकाळी दोन जास्त भरल्या. आईने त्याला काही बोल लावला नाही, दोन्ही टाके उकरून पुन्हा घालून घेतले. तेव्हापासून तो मला 'सायबीण' म्हणू लागला.

गोठ्याचे काम सर्वांत जिकिरीचे निघाले. जनावरांच्या मुताने खांबांची बुडे कुजली होती. बाहेरून धड, आत बोट घातले की भुसा. तुळईला तात्पुरते टेकू देऊन प्रत्येक खांबाचे हातभर बूड कापले आणि खाली तेवढ्या उंचीचे घडीव दगडी उथळे बसवले. दीड महिना जनावरे अंगणात. मार्गशीर्षातली थंडी, वाऱ्याच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्यांची भिंत रचली तरी म्हैस आटली. वासरू नवे होते. आजीने आपल्या अंगावरची वाकळ त्याच्या पाठीवर घातली आणि स्वतः शेकोटीपाशी बसून राहिली. रात्री उठून पाहावे तो आजी, वासरू आणि कुत्रा तिघेही त्या शेकोटीभोवती.

याच आजीने एका बाबतीत मात्र कोणाचे ऐकले नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीच्या पोटात बळद होते, म्हणजे धान्य साठवायची पोकळ कोठी. पोकळीमुळे भिंत तेथे कच्ची राहते, ते बळद भरून घ्या, असे पाहणीला आलेल्यांनी सांगितले. आजी बळदाच्या तोंडासमोर पाट टाकून बसली. "बहात्तरच्या दुष्काळात या बळदानं जगवलं. ह्याला दगड भराल तर आधी मला भरा." अण्णा गप्प, आई गप्प. शेवटी आईनेच तोड काढली. बळदाच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ टाके घातले, तोंडावर तारेची जाळी फिरवली आणि बळद राहू दिले. शास्त्राप्रमाणे ते बरोबर होते की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण दुष्काळ पाहिलेल्या माणसाला भूकंपाच्या भीतीने धान्याची जागा सोडायला सांगणे सोपे नव्हते, एवढे मला त्या दिवशी समजले.

मधल्या एका हप्त्यासाठी आईला कचेरीत पाच खेपा घालाव्या लागल्या. दर वेळी "घरधन्याला पाठवा" असे उत्तर. सहाव्या खेपेला मंडळातल्या अकरा बायका वही घेऊन गेल्या आणि कचेरीच्या पायरीवर बसून भाकरी सोडली. दुपारी कागदावर सही झाली. भाकरीतला अर्धा तुकडा आईने तिथल्या शिपायालाही दिला, कारण तोही सकाळपासून उपाशी होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी जनावरे गोठ्यात आली. वहीत शेवटचा हिशेब आहे : सिमेंट एकोणीस पोती, टाके एकशे तीस, घरच्या माणसांचे दिवस धरले नाहीत.

पुढे 26 जानेवारी 2001 ला गुजरातेत भुजला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बायका कच्छमध्ये जाऊन तिकडच्या बायकांना घर पुन्हा कसे उभारायचे ते सांगून आल्या. भाषा वेगळी, पण भेगा त्याच. आईला जाता आले नाही, आजीचे दुखणे होते. ती रुखरुख तिला राहिली.

आजी गेली, अण्णा गेले. भाऊ घर पाहतो. गेल्या दिवाळीत तो म्हणाला, "ताई, आता हे पाडून स्लॅब टाकावा म्हणतो." मी त्याला नको म्हटले नाही, घर त्याचे आहे. फक्त वही दाखवली. वहीत गोठ्याच्या पश्चिमेच्या भिंतीपुढे माझ्याच अक्षरात लिहिले आहे : "सिमेंट संपले, टाके राहिले, पुढल्या वर्षी." ते पुढले वर्ष आलेच नाही. आम्ही दोघे ओळंबा घेऊन भिंतीपाशी गेलो. वरून खाली येईतो मध्यावर तीन बोटे पोट आलेले आहे, बाकीच्या तिन्ही भिंती सरळ. भाऊ बराच वेळ ओळंब्याच्या दोरीकडे पाहत राहिला. मग त्याने त्या जुन्या गवंड्याच्या मुलाला फोन लावला. मार्गशीर्षात काम धरायचे ठरले आहे. तेव्हा पंधरा दिवस मी मंडळाच्या भजनाला येऊ शकणार नाही, हे अध्यक्षाबाईंनी आत्ताच लिहून घ्यावे.